पिकअपचे पाटे, हौदा आणि गणपतीच्या हाताला गेलेली चीर

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या वाड्यावरचे पाच गणपती मी माझ्या पिकअपमधून चित्रशाळेतून (गणपती घडवतात ती जागा) आणले आणि घरी उतरवताना बघतो तर त्यातल्या एकाच्या वरच्या उजव्या हाताला केसाएवढी चीर गेलेली. चिकणमातीची मूर्ती, दोन फुटांची, पंचवीस-तीस किलोची, खाली पेंढा घातला होता, बाजूने गाद्या लावल्या होत्या, स्पीड वीसच्या वर नेली नव्हती, तरी चीर गेली. ज्यांचा गणपती होता ते काका काहीच बोलले नाहीत, त्यानेच जास्त वाईट वाटलं. चित्रशाळेतले काका रात्री नऊ वाजता माती आणि रंग घेऊन आले, हात सांधला, सुकवला आणि सकाळी पूजेला मूर्ती व्यवस्थित उभी होती. पण त्या रात्री मी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपलो होतो कारण मला माहीत होतं दोष रस्त्याचा नव्हता, माझ्या पाट्यांचा, म्हणजे मागचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा होता.

आधी थोडं मागचं सांगतो. मी डिचोली तालुक्यातला, धंदा साऊंड, लाइट आणि स्टेजचा. देवळांचे उत्सव, काले, गावातली हौशी मराठी नाटकं, लग्नं, असं सगळं. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत गाडी रात्रीचीच धावते. पिकअप २०१८ मध्ये सेकंडहँड घेतली, नऊ फुटी हौदा (माल ठेवायचा मागचा भाग), मागे पाटे, आपल्याकडच्या सगळ्या पिकअपसारखीच. घेतली तेव्हाच मागून थोडी बसलेली होती आणि बेसबॉक्स, अँप रॅक, जनरेटर, फळ्या, पाइप चढवले की अजून बसायची, म्हणजे मागचा बंपर खाली आणि बॉनेट वर, होडी निघाल्यासारखी.

बसलेली गाडी नुसती दिसायला वाईट असते असं नाही हं. मागून बसली की हेडलाइट वर बघायला लागतात आणि हायवेवर समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या थेट डोळ्यांत लाइट जातो, मला कितीतरी लोक डिपर मारायचे आणि मी म्हणायचो अरे लो बीमच आहे. (डॅशवर लाइट खाली करायचं चाक असतं बऱ्याच गाड्यांना, शून्य ते तीन आकडे असतात, ते मालासाठीच दिलेलं असतं, मला चार वर्षं कळलंच नव्हतं.) शिवाय पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, स्टेअरिंग हलकं लागतं, चोर्ला घाटाच्या वळणांवर पावसात गाडी वळवली तर ती थोडी उशिरा वळते. हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

तर २०२२ च्या सीझनआधी मी एका गॅरेजवाल्याकडे गेलो, त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, दोन पाटे वाढवू, गाडी डोंगरासारखी उभी राहील. वाढवले. दोन्ही बाजूला दोन-दोन, पूर्ण लांबीचे, मूळ पाट्यांपेक्षा जाड. आणि खरंच गाडी उभी राहिली, फुल लोडमध्येसुद्धा बसेना, मी खूश. दोन वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत होतो की पाटे वाढवा. ज्यांना ज्यांना मी ते सांगितलं त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय, कारण मी अर्धवट सांगितलं होतं.

पाट्याचं गणित साधं आहे पण फसवं आहे. पाटा किती कडक होणार हे त्याच्या जाडीच्या घनावर चालतं. म्हणजे ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला तर तो सव्वापट कडक होत नाही, जवळजवळ दुप्पट कडक होतो. लांबीचं उलट, लांबी वाढली की त्याच हिशोबात नरम होतो. त्यामुळे "दोनच तर पाटे वाढवले" याला काही अर्थ नाही, कोणत्या जाडीचे, किती लांबीचे, ते महत्त्वाचं. आणि पूर्ण लांबीचा जादा पाटा सेटमध्ये बसला की तो चोवीस तास काम करतो, गाडी भरलेली असो की रिकामी. रिकाम्या गाडीला एवढा कडक स्प्रिंग म्हणजे खड्ड्यात चाक गेलं की पाटा वाकायच्या ऐवजी अख्खा हौदाच वर उडतो. बेसबॉक्सला त्याचं काही नाही. पाच गणपती म्हणजे सगळे मिळून दीडशे किलोसुद्धा नाही, माझ्या गाडीच्या हिशोबात ती रिकामीच.

त्यात शॉकअप जुनेच. हा दुसरा गैरसमज मी रोज ऐकतो, गाडी बसते म्हणून लोक शॉकअप बदलतात. अरे बाबा, वजन शॉकअप उचलत नाही, वजन पाटा उचलतो. शॉकअपचं काम पाटा वाकून परत उसळला की ती उसळी जिरवायचं, झुलणं थांबवायचं. म्हणून पाटा कडक केला की त्याची उसळी वाढते आणि जुना शॉकअप, तोही अर्धा संपलेला, ती आवरू शकत नाही. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, मागचे दोन्ही शॉकअप तेल गळून वरपर्यंत ओले, मी बघितलेच नव्हते.

पण खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीने. गणपतीनंतर मी बेळगावला एका पाटेवाल्या काकांकडे गेलो, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. साठीच्या पुढचे, पाट्यांचंच काम जन्मभर. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, पाटे बघितलेच नाहीत, आधी मागच्या अॅक्सलजवळ (दोन चाकांमधल्या दांड्याजवळ) एक सळी होती ती बोटाने हलवून दाखवली.

"हे काय आहे माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं नाही काका.

"मग पाटे कुणाच्या सांगण्यावरून वाढवलेत?"

ती सळी म्हणजे मागच्या ब्रेकचा लोड बघणारा व्हॉल्व्ह. बऱ्याच पिकअपना, खासकरून एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांना तो असतो. चेसीवर व्हॉल्व्ह आणि त्याच्यापासून एक सळी किंवा स्प्रिंग मागच्या अॅक्सलला जोडलेली. गाडीत माल भरला की हौदा खाली बसतो, चेसी आणि अॅक्सलमधलं अंतर कमी होतं, सळी ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह समजतो की मागे वजन आहे, मग मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असेल तर प्रेशर कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता मी पाटे इतके कडक करून ठेवले की गाडी बसेचना. म्हणजे व्हॉल्व्हच्या हिशोबाने माझी गाडी कायम रिकामी! दीड टन माल घेऊन मी घाट उतरत होतो आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीएवढेच लागत होते, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. पुढचे पॅड लवकर संपत होते ते मी कंपनीच्या नावावर खपवत होतो. चोर्ला उतरून केरीला पोचलो की पुढून जळका वास यायचा, मला वाटायचं घाट आहे, येणारच.

हे ऐकल्यावर मी तिथल्या स्टुलावर बसलो. दोन सीझन, माझ्यासोबत हौद्यात नाही पण केबिनमध्ये दोन पोरं असायची, रात्रीचे दोन-तीन वाजलेले असायचे.

काकांचा पुढचा प्रश्न असा होता की महिन्यातले किती दिवस गाडी भरलेली धावते आणि किती दिवस रिकामी. मी मोजलं. सीझनमध्ये दहा-बारा दिवस भरलेली, बाकी बाजारहाट, किरकोळ सामान, आणि पावसाळ्यात तर जवळजवळ रिकामीच. ते म्हणाले मग तुम्ही वीस दिवस दगडावर बसून फिरताय, दहा दिवसांसाठी. आणि दुसरं विचारलं, काट्यावर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, कधी नेलीत? कधीच नाही.

काटा ही अशी गोष्ट आहे की फक्त चिरे आणि रेतीवाल्यांनीच जायचं असं आपल्याला वाटतं. मी परत आल्यावर नेहमीचा सगळा माल भरून गेलो. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. थोडे पैसे जास्त घेतात पण या तीन आकड्यांनी जे कळतं ते कुठलाच गॅरेजवाला सांगू शकत नाही. माझं एकूण वजन आरसीवर लिहिलंय त्याच्या थोडंसंच वर होतं, ते मी कमी करू शकत होतो. पण मागचा अॅक्सल खूप जास्त आणि पुढचा रिकाम्या गाडीपेक्षाही हलका! म्हणजे प्रॉब्लेम वजनाचा कमी आणि वजन ठेवायच्या जागेचा जास्त होता.

कारण मी जनरेटर कायम फाळक्याला (हौद्याच्या मागच्या दाराला) चिकटून ठेवायचो, उतरवायला सोपा म्हणून. आता गणित करा. जनरेटर ३०० किलो, मागच्या अॅक्सलच्या मागे ८० सेंटिमीटर, गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.२ मीटर धरा. तराजूसारखं होतं, पुढच्या चाकांवरून ७५ किलो उचलले जातात आणि मागच्या अॅक्सलवर ३०० नाही तर ३७५ किलो पडतात. तोच जनरेटर केबिनला टेकवून ठेवला तर त्यातलं बरंच वजन पुढच्या चाकांवर जातं. एक रुपया खर्च नाही. मी जनरेटर पुढे, त्याच्या मागे बेसबॉक्स, आणि फळ्या-पडदे-वायरची खोकी मागे असा क्रम लावला आणि पाट्यांना हात लावायच्या आधीच गाडी मागून बोटभर वर आली. जनरेटर उतरवायला आता वेळ लागतो, पोरं कुरकुर करतात, मी ऐकून घेतो.

पाट्यांचं काम नंतर झालं. ते वाढवलेले चार पाटे काढून टाकले. मूळ सेटची कमान गेलेली होती, काकांनी सांगितलं की थंड्या पाट्याला हातोड्याने कमान देऊन देणारे खूप आहेत पण ती कमान टिकत नाही, नीट तापवून, पाणी देऊन, परत टेंपर केलं तरच काही अर्थ. आणि पाट्याला वेल्डिंग करणं, गॅसने तापवून वाकवणं, भोक पाडणं हे तर कधीच नाही, पोलादाचा पीळ तिथेच मरतो आणि एक दिवस तिथूनच तुटतो. मी मूळ मापाचा नवीन सेट घेतला, सोबत हेल्पर पाटा. हेल्परमध्ये आणि जादा पाट्यामध्ये हाच फरक आहे जो मला आधी कुणी सांगितला नाही. हेल्पर रिकाम्या गाडीत कामच करत नाही, त्याच्या टोकांत आणि चेसीवरच्या ब्रॅकेटमध्ये गॅप असते, हौदा ठरावीक खाली आला की तो टेकतो आणि मग वजन घ्यायला लागतो. बऱ्याच पिकअपना तो कंपनीतूनच येतो, माझ्या गाडीचा कुणीतरी आधीच काढून विकला असावा, ब्रॅकेट तेवढे होते.

बंप स्टॉपच्या (अॅक्सल चेसीवर आदळू नये म्हणून असलेल्या रबराच्या) जागी पोकळ रबरी बफर बसतात तेही लावले, दाबत गेलं की हळूहळू कडक होणारे. नवे शॉकअप. आणि पाट्यांचा सेट अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की तो ताणला जातो, काढून परत तोच लावायचा नसतो, पण आपल्याकडे सगळे लावतात. नवीन सेट बसवल्यावर पाचशे एक किलोमीटरनी परत आवळायलाच हवेत कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतो. सैल यू-बोल्टवर गाडी चालवली की सगळा धक्का पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर येतो, तो कापला गेला की अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. शेवटी व्हॉल्व्हची सळी कंपनीच्या मापाने सेट केली.

आपल्याकडे अजून एक शत्रू आहे, हवा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि समुद्राकडून येणारं खारं वारं. पाट्यांच्या मधे गंज धरला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळा सेट एकच जाड पट्टी असल्यासारखा वागतो, मग परत तेच, धक्के. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाटे धुऊन मधे ग्राफाइट ग्रीस मारतो मी आता. मोरजी-आश्वेच्या बाजूला काम असलं की परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतो.

माझा भाचा पर्वरीला राहतो, त्याच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे. त्या टाइपच्या गाड्यांची दुनिया वेगळी, इसुझूने २०१६ मध्ये आणली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली, लिफ्ट किट, ऑस्ट्रेलियन सस्पेन्शन, कॅनोपी, रोल बार. तो म्हणतो मामा तुमची आणि माझी गाडी वेगळी. मी त्याला म्हटलं खाली वाकून बघ, तुलाही मागे पाटेच आहेत. फरक एवढाच की ते चांगले ब्रँडवाले पाटे विकताना विचारतात की कायम वजन किती असतं, शून्य, ३०० किलो की ५००, आणि त्यावरून सेट देतात. त्याने ५०० चा घेतला कारण तो भारी वाटला, आणि आता मागे बसलेली त्याची बायको तक्रार करते. त्याला एअरबॅग पण लावायच्या होत्या, अपघातातल्या नाहीत, पाट्यांच्या जोडीला लावतात त्या हवेच्या रबरी पिशव्या. चांगली वस्तू आहे, हवा भरून उंची ठरवता येते, पण एक लक्षात ठेवायला हवं. पाटा आपलं वजन दोन टोकांवर चेसीला देतो, एअरबॅग बरोबर मधे, अॅक्सलच्या वर, एका जागी दाबते. फाळक्याच्या बाजूला खूप वजन आणि एअरबॅग फुल फुगवलेली, असं असेल तर चेसी केबिनच्या मागून वाकते. ऑस्ट्रेलियात अशा वाकलेल्या चेसींचे फोटो भरपूर सापडतात, मी त्याला पाठवले.

आता हौदा. इथे मी जास्त पैसे घातले आणि एकाही रुपयाचं दुःख नाही.

सगळ्यात आधी रबर मॅट. लोखंडी हौद्यावर लोखंडी किंवा लाकडी खोकं म्हणजे साबण, त्यात पाऊस. चांगल्या अँटी-स्लिप रबर मॅटवर घर्षण दुपटीने वाढतं आणि माल धरायला पट्ट्यांना कमी ताकद लागते. फक्त मॅट पूर्ण चिकटवू नका, उचलता आली पाहिजे, खाली पाणी साचलं की हौदा आतून सडतो. प्लॅस्टिकचे तयार लायनर मिळतात त्यांचाही हाच त्रास, वरून चकाचक आणि खाली गंज.

मग पट्टे. मी आयुष्यभर नायलॉनची दोरी वापरली. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की ताणतं, म्हणजे डिचोलीत घट्ट बांधलेली दोरी पेडण्याला पोचेपर्यंत पावसाने सैल. पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे (हँडल मारून घट्ट करायचे) तसे ताणत नाहीत. पट्ट्यावर निळं लेबल असतं, त्यावर एलसी, म्हणजे पट्टा किती ताण झेलतो तो आकडा, डेकान्यूटनमध्ये, एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलो समजा. लेबल नसलेला पट्टा मी घेत नाही. युरोपात माल बांधायचा हिशोब असा धरतात की ब्रेक मारल्यावर माल पुढे जाऊ नये म्हणून मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर धरता आला पाहिजे, बाजूला आणि मागे ०.५ पट. माझ्या ३०० किलोच्या जनरेटरला म्हणजे पुढच्या बाजूला २४० किलो. आणि पट्टा वरून टाकून दाबत असाल तर त्याचा कोन बघा, सरळ उभा असेल तर पूर्ण जोर, झुकून हौद्याच्या तळाशी तीसच अंशांचा कोन राहिला तर अर्धाच, त्यामुळे बुटक्या खोक्याला लांबून पट्टा टाकून काही होत नाही. बेसबॉक्सच्या कोपऱ्यांना जाड प्लॅस्टिकचे कोपरे लावतो, पट्टा कापला जात नाही आणि बॉक्सचा रंगही वाचतो.

हुक मात्र हौद्याच्या पत्र्याला वेल्ड केलेले माझे दोन उखडले आहेत, एक तर चालत्या गाडीत. आता सगळे हुक खालच्या आडव्या चॅनलमधून बोल्ट आणि मोठी प्लेट लावून घेतलेत, भोकांना झिंक प्रायमर मारून.

केबिनच्या वरचा कॅरियर मी काढून टाकला. सुंदर होता, पोरांनी नाव पण रंगवून घेतलं होतं. पण दीड इंची मीडियम जीआय पाइप मीटरला साडेतीन किलो, सहा मीटरचा एक पाइप एकवीस किलोचा, वीस पाइप वर टाकले की चारशे किलो माणसाच्या डोक्याच्या वर, आणि पुढे-मागे बाहेर आलेले ते वेगळेच. वळणावर गाडी डोलायची ती पाट्यांमुळे डोलते असं मला वाटायचं. बाहेर आलेल्या मालाला २०१९ च्या सुधारणेनंतर वीस हजारांचा दंड आहे आणि ओव्हरलोडलाही वीस हजार, वर जादा टनाला दोन हजार. पण दंडापेक्षा रात्री मागून येणाऱ्या बाइकवाल्याला तो पाइप दिसत नाही हे जास्त महत्त्वाचं. लांब पाइपांसाठी मी आता मोठा टेम्पो भाड्याने घेतो, तेवढे पैसे गिऱ्हाइकाला सांगून लावतो, कुणी नाही म्हणालं नाही अजून.

आणि हे सगळे कॅरियर, टूलबॉक्स, मॅट, जाड फाळका, यांचं वजन तुमच्या पासिंगमधूनच, म्हणजे परवानगी असलेल्या मालाच्या वजनातूनच जातं. माझा कॅरियर उतरवून काट्यावर टाकला तर ७८ किलो भरला! पाटे वाढवले म्हणून आरसीवरचा आकडा वाढत नाही, टायरसुद्धा तेच असतात. टायरच्या बाजूला लोड इंडेक्स असतो तो वाचा, १०० असेल तर एक टायर ८०० किलो, १०४ असेल तर ९००, पाटा कितीही जाड असला तरी टायर त्याच्यावर उचलणार नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, म्हणून मी मूळ मापाचाच सेट घेतला.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गेल्या वर्षी ज्यांच्या गणपतीला चीर गेली होती त्याच काकांना मी स्वतः जाऊन विचारलं, गणपती आणू का. ते म्हणाले तुझ्याच गाडीतून आणायचा ना, दुसऱ्या कुणाच्या? मी हौद्यात अॅक्सलच्या बरोबर वर रेतीच्या सहा पोत्या घातल्या, तीनशे किलो, टायरची हवा भरलेल्या गाडीची होती ती रिकाम्या गाडीच्या मापावर आणली, रबर मॅटवर पेंढा, त्यावर पाट. चित्रशाळेपासून वाड्यापर्यंत चार किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागली. काका मागे हौद्यात मूर्तीला हात लावून बसले होते, उतरल्यावर त्यांनी आधी तो वरचा उजवा हात बघितला आणि मग मला खूण केली, उचल.

मागचा सेट विसर्जनानंतर एकदा खोलून ग्रीस केला होता, त्याला परवा पाचशे किलोमीटर पूर्ण होतील, परत यू-बोल्ट आवळायचे आहेत. रबर मॅटचा दोन मीटरचा तुकडा उरलाय, डिचोली-साखळी भागात कुणाच्या पिकअपला लागत असेल तर सांगा, पैसे नकोत.